महामार्ग आला, पांदण कधी?

(वर्धा जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



पहिला वेचा आटोपून, दुसऱ्या वेच्याची घाई असताना तुम्ही आज आलात. मजुरी देऊन बाया लावल्या असतील आणि इथे बसल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरी कोणी नसेल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पाल्हाळ लावत नाही. आज बोलायचे आहे ते रस्त्याबद्दल.

सकाळी आम्ही नागपूरहून निघालो. समृद्धी महामार्गाने येळाकेळीला उतरलो, त्याला पाऊण तास लागला. गाडीतला चहा हिंदकळला नाही. मग तुमच्या गावच्या फाट्यापासून या मांडवापर्यंत साडेतीन किलोमीटर पांदण. तिला चाळीस मिनिटे लागली, आणि शेवटी दोन पोरांनी मागून धक्का दिला तेव्हा जीप काळ्या मातीतून निघाली. साठ किलोमीटरला पाऊण तास आणि साडेतीन किलोमीटरला चाळीस मिनिटे. आजच्या भाषणाचा विषय आम्हाला वाटेतच मिळाला.

आधी एक गोष्ट साफ सांगतो, म्हणजे उद्या कोणी आमच्या तोंडी नको ते घालायला नको. आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. ज्याचा माल बाजारात जातो तो रस्त्याच्या विरोधात कसा असेल? रस्ता नको म्हणणारे लोक बहुधा ज्यांच्या दारात आधीच डांबरी सडक आहे असे असतात. आमचे भांडण रस्त्याशी नाही. रस्ता कोणाच्या वावरातून जातो, त्याला काय मिळते, आणि रस्ता झाल्यावर त्यावर चढायला कोणाला मुभा असते, एवढ्यापुरते आमचे भांडण आहे.

समृद्धीची लांबी ७०१ किलोमीटर. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. १० जिल्हे, २६ तालुके, ३९२ गावे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. रुंदी १२० मीटर. आता पाटीपेन्सिल घ्या. ७०१ किलोमीटर गुणिले १२० मीटर, ८ हजार ४१२ हेक्टर होतात. म्हणजे २१ हजार एकरांच्या घरात. चढण्याउतरण्याचे फाटे, सेवाकेंद्रे, ती जमीन वेगळी. यातली बरीचशी आपल्यासारख्यांची, पऱ्हाटी, तूर, ज्वारी पिकवणारी कोरडवाहू जमीन. कोरडवाहूतून रस्ता न्यायला सरकारला सोपे जाते. मोबदला कमी, आणि मालकही आधीच कर्जाने वाकलेला.

आणि त्या रस्त्यावर कोण चालते? मोटार चालते, ट्रक चालतो, बस चालते. बैलगाडी चालत नाही, सायकल चालत नाही, मोटारसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. सुसाट वेगाच्या रस्त्यावर बैलगाडी आणू नये हे आम्हालाही समजते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली, तो रस्ता किती निर्दय आहे ते आपण पाहिले आहे. पण मग ज्याची जमीन घेतली त्याच्या बैलगाडीसाठी बाजूने धड रस्ता आणि जवळ भुयारी वाट, हे त्याच खर्चात धरायला नको होते का? वावर रस्त्याच्या एका बाजूला आणि गोठा दुसऱ्या बाजूला, असे शेकडो कास्तकार आहेत. भुयारी वाट दीड-दोन किलोमीटरवर. पाऊस पडला की तिच्यात कंबरभर पाणी. ज्याने नकाशा काढला त्याने माणूस मोजला, मोटार मोजली, बैल मोजायचा राहून गेला.

कापसासाठी रस्ता बांधणे ही काही आजची गोष्ट नाही. जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती कशासाठी आली? यात्रेकरूंसाठी नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाडची आठवण झाली. भाव आभाळाला भिडले. १८७० साली खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढे आपली पुलगाव–आर्वीची छोटी गाडीही कापसासाठीच आली. पण युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, आणि इकडचा भाव कोसळला. रूळ राहिले, गाडी राहिली, जिनिंग राहिले. कास्तकाराच्या डोक्यावर मात्र तेजीच्या दिवसांत काढलेले सावकाराचे कर्ज राहिले.

आमच्या लहानपणीची दुसरी गोष्ट. तेव्हा रस्ता होता, बैलगाडी होती, ट्रक होता. पांढुर्ण्याच्या बाजारात दोन पैसे जास्त मिळत होते. पण १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती. राज्याबाहेर कापूस नेला तर तो गुन्हा. हद्दीवर नाके. आपल्या घामाचा कापूस घेऊन जाणारा कास्तकार चोर ठरायचा, आणि रात्री जंगलवाटेने गाड्या काढायचा. सांगायचा मुद्दा असा, की रस्ता असून चालत नाही, त्यावरून माल मोकळेपणाने जायला हवा आणि पोचल्यावर भाव मिळायला हवा. तो नाका आज उठला आहे. आता नाका मुंबईच्या बंदरावर आहे, आणि तो नेमका उलटा चालतो.

गेल्या हंगामाचे, म्हणजे २०२५ चे पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८ हजार ११० रुपये जाहीर झाला. मध्यम धाग्याचा ७ हजार ७१०. आणि १९ ऑगस्टला, आपली बोंडे भरत असताना, बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने माफ केले. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला पहिला, दुसरा आणि तिसरा वेचा जेव्हा बाजारात येतो, नेमका तो काळ. आता समजा समृद्धीमुळे मुंबईपर्यंतच्या वाहतुकीत क्विंटलमागे २५ रुपये वाचले. तेही व्यापाऱ्याचे वाचणार, पण समजा त्याने मोठ्या मनाने ते आपल्याला दिले. आणि आयातीने भाव क्विंटलमागे ५०० रुपयांनी पडला. मग महामार्गाने आपले किती भले केले? हे गणित चौथीतल्या पोराला घाला.

तरीही रस्ता निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. संत्रा, भाजी, दूध, फुले, असा नासणारा माल ज्याच्याकडे आहे त्याला या रस्त्याचा खरा उपयोग आहे. कारंजा, मेहकर, जालना या पट्ट्यात ज्याच्याकडे पाणी आहे त्याने तो करून घ्यावा. पण पऱ्हाटी आणि ज्वारी नासत नाही. तिला मुंबईला आठ तासांत पोचण्याची घाई नसते. घाई कास्तकाराला असते, कारण बँकेचा हप्ता आणि दुकानदाराची उधारी दिवाळीला उभी असते. म्हणून आपल्याला वेगापेक्षा गोदाम हवे, जिनिंग जवळ हवे, आणि वावरातून गाडी बाहेर निघेल अशी पांदण हवी.

आता नागपूरकडे वळू, कारण तिकडचे वारे तुमच्याकडे यायला लागले आहे.

वर्धा रोडने नागपूरकडे जाताना बुटीबोरीपासून पुढे आता वावर दिसत नाही. लेआऊट दिसतात. चुन्याने आखलेले चौकोन, एक कमान, कमानीवर एखाद्या देवाचे नाव, आणि आत वाळलेली पऱ्हाटी तशीच उभी. मिहान झाले, मेट्रो आली, समृद्धीचे पहिले टोक हिंगणा तालुक्यात शिवमडक्याला आले. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत ७१९ गावे आहेत. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने आणखी दोन निर्णय केले. एक, हिंगणा तालुक्यात गोधणी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे ६९२ हेक्टरांवर ‘नवीन नागपूर’ नावाचे व्यापारी केंद्र. दोन, नागपूरभोवती सुमारे १४८ किलोमीटरचा नवा बाह्य वळण रस्ता, त्यासाठी १३ हजार ७४८ कोटी रुपये. (रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेले गाव, हे तुम्हाला सांगायला नको. एकदा वस्ती उठली होती, आता शेतीही उठेल.)

तुम्ही म्हणाल, हिंगणा कुठे आणि आम्ही कुठे. ऐका. हिंगण्याकडच्या कास्तकाराला पैसे मिळाले की तो काय करतो? त्याला शेतीशिवाय काही येत नाही. तो सेलू, आर्वी, देवळीकडे येऊन जमीन घेतो. तुमच्या एकरचा भाव वाढतो. ऐकायला बरे वाटते. पण ज्याला विकायची नाही, पोराच्या वाट्याला दोन एकर जोडायची आहे, त्याच्या आवाक्यातून ती जाते. त्यामागून दलाल येतो. तो आधी देवळात बसतो, मग पारावर, मग तुमच्या ओसरीवर. हातात एक लाखाचा इसार आणि एक छापील कागद. त्या कागदाचे नाव कुलमुखत्यारपत्र. सही तुमची, आणि पुढचे सगळे हक्क त्याचे. उद्या रस्त्याची नोटीस निघाली की वाढीव पैसा त्याच्या घरात. त्याला नकाशा तुमच्या आधी दिसलेला असतो. कसा दिसतो, ते विचारू नका.

म्हणून इसारपावतीवर सही करण्याआधी दोन रात्री थांबा. घरातल्या बाईला विचारा. हे आम्ही उगाच म्हणत नाही. जितकी घरे आम्ही पाहिली, त्यांत जिथे बाईने ‘थांबा’ म्हटले ती बहुतेक वाचली, आणि जिथे पैसा थेट नवऱ्याच्या खात्यात गेला तिथे आधी गाडी आली, मग बोअर खोदले, मग काही उरले नाही. हिंगण्याच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक जण आहेत. अकरा एकरांचे मालक होते. त्यांचा मुलगा आज त्याच जमिनीवर झालेल्या लेआऊटच्या फाटकावर रात्रपाळीचा चौकीदार आहे. जाता-येता तो आम्हाला सलाम करतो. आम्ही गाडी थांबवतो, तंबाखू मळतो आणि निघतो. काय बोलायचे?

आता आमच्या एका चुकीबद्दल.

२०१६ साली समृद्धीसाठी भूसंचय योजना आली. जमीन द्या, बदल्यात कोरडवाहूला २५ टक्के आणि ओलिताला ३० टक्के इतकी विकसित जमीन नवनगरात घ्या, आणि दहा वर्षे हेक्टरी वार्षिक रक्कम घ्या, कोरडवाहूला ५० हजार, बारमाही ओलिताला १ लाख, दर वर्षी १० टक्के वाढ. आम्ही म्हटले, याला हात लावू नका. ते आमचे बरोबर होते. रस्ता पुरा झाला, नवनगरे अजून नकाशातून जमिनीवर उतरायची आहेत. शहापूर, सिन्नरकडचे शेतकरी अडून बसले, मोजणी होऊ दिली नाही, म्हणून २०१७ मध्ये सरकारला थेट खरेदीचा मार्ग काढावा लागला. कायद्याने जे बसते त्यावर आणखी २५ टक्के. इथे आम्ही चुकलो. आम्ही सांगत राहिलो, थांबा, आणखी वाढेल. ज्यांनी आमचे ऐकले त्यांतल्या काहींची जमीन शेवटी सक्तीने गेली, आणि ते २५ टक्के हुकले. लढा कुठे ताणायचा हे आम्हाला कळले होते, कुठे सोडायचा हे कळले नाही. त्या घरांत आजही आम्ही जातो. पाणी देतात, पण आम्ही बोलायला लागलो की उठून बैलांकडे जातात. त्यांचा राग खरा आहे.

म्हणून आता आम्ही ‘द्या’ म्हणत नाही आणि ‘देऊ नका’ म्हणत नाही. हिशेब समजून घ्या म्हणतो.

हिशेब असा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव कसा ठरतो? रेडी रेकनरचा दर एका बाजूला. आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी दुसऱ्या बाजूला. जे जास्त ते घ्यायचे. समजा एकरी ४ लाख निघाले. ग्रामीण भागात त्याला दोनपर्यंत गुणक लावता येतो, ८ लाख झाले. त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे शंभर टक्के, १६ लाख झाले. चौपट म्हणतात ते हेच. समृद्धीत थेट खरेदीवाल्याला त्यावर पाव पट, म्हणजे २० लाख. आणि २०२१ साली राज्य सरकारने महामार्गांसाठी हा गुणक दोनाचा एक केला. आता करा हिशेब. ४ गुणिले १, अधिक ४. आठ लाख. त्याच गावात, त्याच मातीत, शेजारच्या रस्त्याला वीस आणि तुमच्या रस्त्याला आठ. कोल्हापूर, सांगलीकडचे शेतकरी चौपटीसाठी का भांडत होते ते यावरून कळेल.

आणि यात एक गोम आपली आहे. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून आपण खरेदीखतात निम्मी रक्कम लिहितो. देणारा खूश, घेणारा खूश. पण त्याच खतांची सरासरी काढून उद्या आपला भाव ठरतो. खोटे खत आपण लिहिले आणि त्याची फळे गावाने खाल्ली. सरकारला शिव्या देताना हेही बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. आम्ही दोन धुरेशेजारी पाहिले आहेत. माती एक, उतार एक, दोघांच्याही विहिरीला पाणी. एकाची विहीर सातबाऱ्यावर चढलेली होती, दुसऱ्याची नव्हती. बापाने खोदली तेव्हा नोंद करायची राहिली. एकाला ओलिताचा दर लागला, दुसऱ्याला कोरडवाहूचा. दुसरा आमच्याकडे आला तेव्हा निवाडा होऊन गेला होता. विहीर, बोअर, पाइपलाइन, सागाची झाडे, संत्र्याची बाग, गोठा, यांची नोंद आज करा, नोटीस आल्यावर नव्हे. ई-पीक पाहणीत पेरा दर हंगामाला भरा. पोराच्या मोबाइलवर होते ते. वारसाच्या नोंदी करून घ्या. बहिणींची नावे लावायची आहेत ती लावा, कायद्याने २००५ पासून मुलगी मुलाइतकीच वारस आहे. भावाबहिणीचा वाद उभा राहिला की मोबदल्याचा पैसा कचेरीत अडकून पडतो, आणि वकिलाशिवाय कोणाचे पोट भरत नाही.

नोटीस आली की आधी ती कोणत्या कायद्याखाली आहे ते वाचा. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ असेल तर हरकतीला २१ दिवस. २०१३ चा कायदा असेल तर ६० दिवस. राज्याचा महामार्ग कायदा १९५५ असेल तर नोटिशीत काय मुदत लिहिली आहे ती बघा आणि तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे वाऱ्यावरची वरात. वावराचे दोन तुकडे होणार असतील तर उरलेल्या तुकड्याचे नुकसान मोजा असे स्पष्ट लिहा. २०१३ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये ते बसते. आपण मागत नाही म्हणून मिळत नाही.

पवनारहून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची गोष्ट तर तुमच्या अंगणातली आहे. पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, अशी आखणी मांडली गेली. कोल्हापूरकडून इतका विरोध झाला की २०२४ मध्ये संपादनाची अधिसूचना मागे घेतली, आणि २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने पुन्हा आखणी आणि भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली. कोल्हापूरचा शेतकरी बागायतदार आहे, उसाला कारखाना आहे, म्हणून त्याचा आवाज मुंबईला ऐकू जातो. वर्धा, यवतमाळचा कोरडवाहू कास्तकार गप्प आहे म्हणून तो राजी आहे असे धरले जाते. राजी असाल तर किंमत सांगून राजी व्हा. नसाल तर ग्रामसभेत उभे राहून तसे लिहून द्या. गप्प बसू नका एवढेच म्हणणे आहे.

आता आमच्या मूळ धंद्याकडे येतो. आम्ही शिकलो माती आणि पीक, त्यामुळे रस्ता पाहिला की आम्हाला आधी पाणी दिसते.

काळी कन्हार माती पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. पाणी तिच्यात हळू मुरते, बाकीचे उताराने वाहते. त्या उताराला आडवा भराव घातला की तो धरणासारखा उभा राहतो. अभियंता म्हणतो, आम्ही मोऱ्या ठेवल्या आहेत. ठेवल्या आहेत, खरे आहे. पण आधी जे पाणी शंभर वावरांतून पसरून जायचे ते आता एका मोरीतून येते. वरच्या बाजूला साचते, खालच्या बाजूला घळ पाडते. वरच्या वावरातली पऱ्हाटी पाहा. पंधरा दिवसांचा खंड पडला, मग जोराचा पाऊस आला, आणि पाणी दोन दिवस उभे राहिले की मुळांना हवा मिळत नाही. झाड सकाळी हिरवे, दुपारी माना टाकलेले. हा आकस्मिक मर. कीड नाही, रोग नाही, त्यावर दुकानदाराने दिलेले औषध फवारून काही होत नाही. पाणी काढून देणे हाच उपाय, म्हणजे चर खोदणे, मुळाजवळची माती मोकळी करणे. तूर तर याहून नाजूक. ज्वारी थोडी सोसते. आणि खालच्या वावरातून जी वरची माती वाहून गेली ती परत येणार नाही. एक वीतभर माती तयार व्हायला शतके लागतात.

म्हणून रस्त्याचे काम चालू असतानाच, पहिल्या पावसाळ्यात, तुमच्या वावरातले पाणी आधी कुठून जात होते ते लेखी दाखवा. साचल्याचा फोटो तारखेसह ठेवा. तलाठ्याला, कृषी सहायकाला बोलावून पंचनामा करा. काम संपून कंत्राटदार गेला की मोरी रुंद करणे म्हणजे देवाला नवस करण्यासारखे आहे.

मुरमाचेही तसेच. भरावासाठी मुरूम लागतो. कंत्राटदार म्हणतो, तुमच्या वावरात शेततळे खोदून देतो, फुकट. बुलढाणा जिल्ह्यात तळी, नाले खोल करून तो मुरूम महामार्गाला वापरला, त्याला बुलढाणा पॅटर्न म्हणतात, आणि तो चांगला आहे. ज्याने जागा, खोली, उतार आधी ठरवला त्याला तळे मिळाले. ज्याने तोंडी होकार दिला त्याला नुसता खड्डा मिळाला, त्यात ढोर पडते. लेखी करा. वरची काळी माती आधी बाजूला काढून ठेवायची आणि शेवटी काठावर पसरायची, ही अट घाला. टिपरच्या धुळीने बोंडावरचा कापूस मळतो आणि प्रत घसरते, तर वेचणीच्या दिवसांत रोज पाणी मारायची अट घाला. टिपर पांदणीवरून जाणार असतील तर काम संपल्यावर पांदण खडीकरण करून द्यायची अट घाला. ही शेवटची अट सगळ्यात स्वस्त आहे आणि ती कोणी घालत नाही.

पांदणीचे सांगतो आणि थांबतो. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी केली. जागतिक विक्रम झाला, गिनीज बुकात गेला. आम्हाला त्याचा अभिमान आहे, ते काम करणारे मजूरही आपल्यातलेच. म्हणजे या देशाला रस्ता बांधता येतो. मग २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, तुमच्या तालुक्यात तिचे किती किलोमीटर झाले? अतिक्रमण आहे म्हणतात. आहे. कोणाचे आहे? आपल्याच शेजाऱ्याचे, कधी आपलेच. दर वर्षी नांगर एक तास पांदणीत सरकतो. गाव नकाशावर पांदण तेहतीस फूट, प्रत्यक्षात बैलगाडी जात नाही. सरकारशी भांडायला आपल्याला अंगात येते, शेजाऱ्याला ‘धुरा मागे घे’ म्हणायला जीभ उचलत नाही.

वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. हे दोन्ही अर्ज आम्ही छापून आणले आहेत.

तर जेवण झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडतो. सातबारा, आठ-अ आणि गाव नकाशा ज्यांनी आणला असेल त्यांनी तिकडे या. विहिरीची नोंद नाही अशांनी आधी या, त्यांचे अर्ज आजच लिहून सोमवारी तालुक्याला एकत्र द्यायचे आहेत. आणि या साडेतीन किलोमीटरच्या पांदणीवर ज्यांची वावरे आहेत ते सगळे, मला सांगितले चौतीस खातेदार आहेत, ते जेवायच्या पंक्तीत एका बाजूला बसा. धुरा कोणी किती मागे घ्यायचा ते जेवतानाच ठरवू. बायांना बोलवा, त्या बसल्या नाहीत तर काही ठरणार नाही. जीप काढायला आम्हाला परत दोन पोरे लागतील, तेही सांगून ठेवतो.